दंडाचं माप

पडद्याआड दोन गडी भांडत होते आणि पडद्याच्या अलीकडे टेपताई काजं करत होती. फार जुनी गोष्ट, तिच्या शिलाईच्या दुकानाला नवा रंग दिला होता तेव्हाची.

"माझ्या बाटलीतलं किती घेतलंस?"

"अर्धंच रे."

"आणि सुई?"

"तुझीच. तेवढ्यासाठी कुठं बाजारात जाऊ?"

"अरे गाढवा, मग सांगायचंस तरी! तीच मी परत वापरली ना!"

टेपताईला वाटलं, मेले टॉनिकवरून भांडतायत. दोघंही व्यायामशाळेतले, दारातून तिरके होऊन आत येणारे. पण पंधरा दिवसांनी त्यातला एक जण पँट सैल करून मागायला आला. ढुंगणावर मुठीएवढी गाठ आलेली, बसता येईना. पुढे ती गाठ चिरावी लागली. तेव्हापासून टेपताईनं ठरवलं, व्यायामशाळेतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, टेपवर ठेवायचा.

तसा विश्वास ती कुणावरच ठेवत नसे. दूधवाल्यानं चुकून माप जास्त घातलं तर विचारायची, "आज काय मिसळलंस?" तिला बघायला आलेल्या एकुलत्या एका स्थळाची तिनं इतकी उलटतपासणी केली, की तो माणूस चपला विसरून पळाला. मग तिनं लग्नाचा नाद सोडला. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याला तिनंच न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, गोदामावर पहारेकऱ्याच्या कामाला लावलं, त्याचं लग्नही तिनंच केलं. जगात तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

तर हा धाकटा एकदा दुकानात आला. म्हणाला, "ताई, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरतोय. ती चड्डी शिवून दे."

"ती वीतभर? त्याला कापड लागतं की नुसता दोरा?"

हसत हसत तिनं माप घेतलं. दंड धरला आणि हसू मावळलं. वही काढून जुनं माप बघितलं. दोन महिन्यांत दोन इंच. मग छातीवरून टेप नेली तर धाकटा कळवळला, "आई गं! हळू!" स्तनाग्रापाशी सुजलं होतं. पाठीवर पुटकुळ्यांचा सडा पडला होता. वय एकोणतीस आणि पाठ सोळा वर्षांच्या पोराची.

"काय घेतोस?"

"अंडी."

"कोंबडी टोचते होय रे अंडी?"

धाकट्यानं शर्ट घातला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर असताना टेपताई त्याच्या घरी गेली. भावजय म्हणाली, "वन्सं, मला तर वाटतं बाहेर कुणीतरी आहे. रात्रंदिवस चिडतात, आरशासमोरून हलत नाहीत."

"आरशासमोर उभा राहणाऱ्याला बाहेरची कशाला लागते? कपाट उघड."

बुटांच्या खोक्यात पाच बाटल्या निघाल्या. पाचांवर एकच नाव, पण दोन बाटल्यांतलं पाणी पिवळं आणि बाकीच्या तिनांतलं पांढुरकं. एकीवरची चिठ्ठी तर तिरकी चिकटवलेली. टेपताई कापडाचा शिक्का बघून खरं-खोटं ओळखणारी बाई. तिनं पाचही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

तिथंच चुकली. दवाखान्यातल्या सिस्टर तिच्याकडून गणवेश शिवून घेत. त्यांना तिनं हा पराक्रम सांगितला, तर शाबासकी राहिली बाजूला, सिस्टरांनी कपाळावर हात मारला.

"ओतून काय मिळवलंत? तो आता मित्राच्या बाटलीतलं घेईल. कदाचित मित्राच्याच सुईनं. त्यातून कावीळ होते, एचआयव्ही होतो."

टेपताईच्या डोळ्यांसमोर तो पडदा आला, ते भांडण आलं.

"मग करू काय?"

"बंद केलं तर सोन्याहून पिवळं. पण बंद करेपर्यंत तरी दर खेपेला नवी सुई, आणि दुसऱ्याच्या बाटलीला हात नाही. रक्तदाब आणि रक्त तपासायला लावा. दंड फुगवणाऱ्या या स्टिरॉइडनं हृदय जाड होतं, रक्त घट्ट होतं, यकृत बिघडतं. वरून दिसतो पहिलवान आणि आतून वय झालेलं असतं. छातीत दुखलं, दम लागला तर तडक दवाखाना. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, ते काही पोलीस नाहीत."

संध्याकाळी धाकटा भांडायलाच आला. "माझ्या कपाटाला हात लावलासच कसा?"

"चुकले," टेपताई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकला नव्हता. "पण ऐक. जाड कापडाला वापरलेली सुई मी रेशमाला लावत नाही, आणि तू कुणाचीही अंगात खुपसतोस? रक्त तपासून ये. त्याशिवाय चड्डी नाही."

"दुसऱ्या शिंप्याकडून शिवीन."

"शीव. पण त्याच्या शिवणीवर भरवसा ठेवून स्टेजवर वाकायची हिंमत आहे का बघ."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. सगळं उत्तम, भावजयीनं वाचून दाखवलं. टेपताईला ते जरा जास्तच उत्तम वाटलं. ती म्हणाली, "ये, चड्डीचं माप घेते. आधी बाह्या वर कर."

"चड्डीला बाह्या?"

"कर म्हणते ना."

तिनं उजवा कोपर बघितला, डावा बघितला. आतल्या बाजूला ना टोचल्याची खूण, ना निळा डाग.

"रक्त काय नाकातून काढलं?"

धाकट्यानं बाह्या खाली ओढल्या. गोदामातल्या हडकुळ्या जोडीदाराला त्यानं स्वतःच्या नावावर रक्त द्यायला पाठवलं होतं.

"ताई, मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "जिना चढताना छातीत धडधडतं."

टेपताईनं टेप गुंडाळली, दुकानाला कुलूप घातलं आणि भर दुपारी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. शंभर किलोचा गडी, शाळेत पहिल्या दिवशी गेला तसाच मागे मागे चालला. रक्तदाब निघाला एकशे ऐंशीवर एकशे दहा. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेता?" धाकट्यानं ताईकडे बघितलं आणि सगळं सांगितलं, नावानिशी, किती ते, किती दिवस ते.

स्पर्धा बुडाली. औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, हे बंद केल्यावर मन खचतं, शरीर आपलं आपण काम करायला वेळ घेतं, म्हणून नजरेखाली राहा. खरंच खचला तो. महिनोन्‌महिने दुकानातल्या बाकावर मुकाट बसून असायचा, आणि ती त्याला बटणं निवडायला द्यायची. एकदा मध्येच घसरला, पुन्हा टोचून घेतलं. टेपनं ते तिला त्याच्या आधी सांगितलं. तिनं बाटली ओतली नाही की आरडाओरडा केला नाही. नवी सुई होती का एवढं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी परत डॉक्टर. त्यानंतर मात्र सुटलं. हृदयाची जाडी थोडी उरलीच, गोळी कायमची लागली.

तो सुटला यावर तिचा विश्वास कधीच बसला नाही. पुढे कित्येक वर्षं, त्याचे केस पांढरे झाले तरी, दर सहा महिन्यांनी ती सोबत जायची. रक्त काढताना समोर उभी राहायची. रिपोर्ट मात्र तिनं एकटीनंच आणायचा, त्याच्या हाती पडू द्यायचा नाही.

शेवटचा रिपोर्टही तिनंच आणला. त्यानंतरच्या आठवड्यात ती झोपेतच गेली. पण रिपोर्ट आणायच्या दिवशी काठी टेकत, दोनदा थांबत, दवाखान्याच्या खिडकीशी पोचली. आतली मुलगी तिला ओळखत होती.

"आजी, सगळं छान आहे."

"तू म्हणतेस. वाच."

मुलीनं वाचलं.

"तारीख कुठली? आता परत वाच, सावकाश."

मुलीनं परत वाचलं. टेपताईनं कागदाची घडी करून पिशवीच्या तळाला घातली. वाटेत दुकानासाठी काळ्या दोऱ्याचं रीळ घ्यायचं होतं. दुकानदारानं दिलं. तिनं हातभर दोरा ओढला, उजेडात धरला, दोन्ही हातांनी हिसका दिला. तुटला नाही, तेव्हा पैसे काढले.