टेस्टरकाकांचा जोड

टाकीत हात घालायचा असला की टेस्टरकाका आधी डावा हात पाठीमागे नेत आणि शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवत. मग उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. सगळे प्लग काढलेले असत, मेन बंद असे, तरीही. दुखरा गाल धरून बसलेले माझे पेशंट दुखणं विसरून त्यांच्याकडे बघत राहत. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "दोन्ही हात घातले की करंटाला छातीतून वाट मिळती. पस्तीस वर्सं वायरमन व्हतो ताई. दोन हात घालणारे दोघं जण खांद्यावर उचलून आणलेत मी." आणि त्याच सुरात पुढे, "तेवढा टॉवेल द्या."

उस्मानपुऱ्यात खाली माझा दातांचा दवाखाना आणि वर घर. मुलं रडायची थांबतील म्हणून मी वेटिंग रूममध्ये समुद्री टाकी बसवून घेतली होती. साधी माशांची नाही. प्रवाळ, कोळंब्या, गोगलगायी, दोन नारंगी मासे असा सगळा संसार. बसवणारा माणूस पुण्याचा होता, तो बसवून गेला तो गेलाच. सांभाळायला मिळाले टेस्टरकाका. पेनाच्या जागी खिशात टेस्टर, म्हणून आमच्या रिसेप्शनवरच्या अर्चनानं त्यांचं हे नाव ठेवलं आणि ते इतकं रुजलं की दारावरची बेल वाजवून ते स्वतःच "टेस्टरकाका आलाय" असं सांगत. गाव देवगाव रंगारी, नोकरी इथल्या एका कारखान्यात. तिथल्या साहेबाच्या बंगल्यात अशीच एक टाकी होती. तिचं वायरिंग करता करता त्यांना तिचं वेड लागलं आणि निवृत्तीनंतर शहरातल्या सात टाक्या त्यांच्याकडे आल्या. माझी त्यातली एक. खरा समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "लई गढूळ."

समुद्र सांभाळायचा आणि नळाला पाणी आठ-नऊ दिवसांनी, हे आमचं शहर. काका पाण्याच्या दिवशी हजर असत. आरओ लावून कॅन भरून ठेवायचे, त्यातल्या काहींत मीठ कालवायचं, आरओतून वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून अर्चनाला फरशीला द्यायचं. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर उडून जाई. तेवढं गोडं पाणी रोज वरून घालावं लागे, तेही फक्त कॅनमधलं. टँकरचं नाही, फिल्टरचं नाही, कुणाच्या घरून आणलेलं तर नाहीच.

विजेच्या बाबतीत ते फार कडक. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळी करून वर गेलेली असायची. "वायरला पोट पाहिजे ताई. पाणी वायरीवरून घरंगळत येतं, पोटाशी येऊन खाली पडतं. पोट नसलं तर सरळ बोर्डात." करंट गळला की मेन पाडणारा ट्रिपर त्यांनी टाकीसाठी वेगळा बसवला होता आणि दर महिन्याला त्याचं बटण दाबून तो पडतो का बघत. अर्चना म्हणायची, काका, अहो, मशीनवर थोडा तरी विश्वास ठेवा. काका म्हणायचे, "ठिवतो की. तपासून ठिवतो."

विजेहून त्यांना भीती धातूची. पाण्यात हात घालण्याआधी मला अंगठी, बांगड्या, घड्याळ सगळं उतरवायला लावत. एकदा खडकावर शेवाळाची जुडी उगवली होती. मी आपला ट्रेमधला चिमटा उचलला आणि आत घालणार, तोवर त्यांनी माझं मनगटच धरलं. "तुमची हत्यारं तोंडात चालवायची. हितं नाय." एवढ्या पेशंटसमोर मला असं कुणी बोललं नव्हतं. मी रागावले. त्यांनी मग टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. काय चालतं, काय नाही, सगळं स्केचपेननं लिहून. मी तो कागद कधी धड वाचला नाही.

आणखी एक सवय होती. चूक झाली की ते ती सांगत सुटत. एका हॉटेलातल्या टाकीत त्यांच्या हातून मीठ जास्त पडलं, तर ते माझ्याकडे येऊन पेशंटसमोर त्याची सगळी हकिकत सांगून गेले. मी म्हटलं, काका, कशाला गावभर करता? ते म्हणाले, "वायरमननं चूक लपवली तर मागून येणारा मरतो. बोंबलून सांगावी." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर टाकीत लाट करणाऱ्या पंपाच्या प्लास्टिकला बारीक चीर गेली. नवा पंप मुंबईहून यायला महिना लागणार होता आणि लाट बंद झाली तर प्रवाळ जगत नाही. काकांनी पंप वाळवला, चीर घासली, एपॉक्सी भरली, दोन दिवस बादलीतल्या खाऱ्या पाण्यात चालवून पाहिला आणि मगच बसवला. बसवताना मला सांगितलं, "आत तांब्याची गुंडाळी हाय. जोड सुटला तर तांबं पाण्यात उतरंल. पण नाय सुटणार." माझ्या हातचं फिलिंग टिकेल असं मी जशी सांगते, तसंच ते म्हणाले.

मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी ते आठ दिवस गावी गेले. जाताना टाकीसाठी मोजून कॅन भरून ठेवले. आता इथून पुढचं सगळं माझं केलेलं. तिसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या हत्यारं उकळण्याच्या यंत्राचं शुद्ध पाणी संपलं. मी काकांचे कॅन त्यात ओतले. नळ येऊन नऊ दिवस झाले तरी पाण्याचा पत्ता नव्हता, आरओ कोरडा. टाकीची पातळी खाली चाललेली. वर घरात सासूबाईंचं तांब्याचं मोठं पिंप होतं. दर आठवड्याला चिंचेनं लखलखीत घासलेलं, प्यायच्या आरओच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं. तांब्यातलं पाणी तब्येतीला उत्तम, हे आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवत नाही इतकं ठरलेलं. सासूबाई रोज सकाळी त्यातलाच एक पेला मला देत. आरओचंच पाणी, त्यातून तांब्यात मुरलेलं. मी चार दिवस रोज एक बादली त्यातून काढून टाकीत घातली. खरं सांगायचं तर टाकीचं काहीतरी भलंच करते आहे असं मला वाटत होतं.

बादल्या सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी गोगलगायी उताण्या पडल्या होत्या. कोळंब्या मेल्या होत्या. प्रवाळ आत ओढून घेतलेलं, नुसता पांढुरका सांगाडा दिसत होता. मासे तेवढे फिरत होते. मी कपाटाचं दार उघडलं आणि तो कागद पहिल्यांदा वाचला. "धातू नको. लोखंड, पितळ, तांबं." तांबं या शब्दाखाली दोन रेघा.

म्हणजे काकांना फोन केला तेव्हा मला माहीत होतं. हे मला आजही टाळता येत नाही. मी फक्त म्हटलं, टाकीचं काहीतरी बिघडलंय. ते दुपारच्या एसटीनं आले, बाहीवर हळदीचे डाग तसेच. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. त्या लग्नाला ते गेले नाहीत.

त्यांनी मेन पाडला, काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी निळसर झालं. "तांबं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून साधेपणानं विचारलं, "ताई, भायेरचं पाणी घातलं का कुणी?"

"तुमच्या कॅनमधलंच घातलं," मी म्हणाले.

का म्हणाले? पेशंट बसले होते म्हणून, चिमट्याच्या वेळचा राग होता म्हणून, सासूबाईंचं पिंप मध्ये यायला नको म्हणून. खूप कारणं शोधली मी नंतर. डॉक्टर असून वायरमनला जाब द्यायची मला सवय नव्हती, हे त्यातलं खरं कारण.

काकांनी पंप बाहेर काढला. जोडाच्या कडेला हिरवट तपकिरी डाग होता. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत बसले. "माझ्या जोडातून गळलं," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "पण मंग ट्रिपर कसा नाय पडला?" हे त्यांनी दोनदा विचारलं. मी अर्चनाला पुढचा पेशंट आत पाठवायला सांगितलं.

चार दिवस त्यांनी पाणी बदलून पाहिलं. काही वाचलं नाही. मासे त्यांनी त्या हॉटेलातल्या टाकीत नेऊन सोडले. आणि मग हा माणूस उरलेल्या सहा ठिकाणी स्वतःच्या पायानं गेला आणि प्रत्येकाला सांगून आला, डॉक्टरांची टाकी माझ्या हातानं मेली, आता माझ्या हाताचा भरवसा धरू नका, दुसरा माणूस बघा. मला हे अर्चनाकडून कळलं. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. टाकीच्या जागी मी टीव्ही लावला.

चार वर्षं गेली. एके दिवशी त्या सहांपैकीच एक गृहस्थ माझ्या खुर्चीत होते. दाताला भूल चढेपर्यंत गप्पा मारत म्हणाले, "तो तुमचा टेस्टरवाला लई प्रामाणिक हो. स्वतः येऊन सांगून गेला. पण असं ऐकल्यावर कोण ठेवील त्याला?" मी त्यांच्या तोंडात कापूस भरला.

रविवारी मी काकांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते, वाळले होते. खिशात टेस्टर नव्हता. हत्यारं पुतण्याला देऊन टाकली, म्हणाले. काकूंनी चहा टाकला. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं: पिंप, बादल्या, कागद, कॅनची थाप. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"रोज किती घातलं?"

"एक बादली. चार दिवस."

ते मनातल्या मनात काहीतरी मांडत राहिले. मग म्हणाले, "तरीच. तरीच ट्रिपर पडला नाय." आणि थोड्या वेळानं, "म्हंजे तो डाग शेवाळाचा. जोड टिकला व्हता माझा."

त्यांनी आत हाक मारली. "अगं, ग्यास बंद कर आन् इकडं ये. ताई, परत सांगा. हिच्यासमोर सांगा."

मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा ते जड गेलं. काकू पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "चार वर्सं नीट झोपले नायत हे." तोवर काकांनी चपला घातल्या होत्या. "सहा ठिकाणी मी सांगितलंय, ताई. आता तुम्ही सांगा. मी शेजारी बसतो."

त्या दिवशी आम्ही दोन ठिकाणं केली. हॉटेलवाले हसले, "अहो डॉक्टर, जाऊ द्या, केव्हाची गोष्ट!" काका हसले नाहीत. "पुरं ऐका," म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी ते सोफ्याच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी पटकन आटोपू लागले तर हळूच म्हणाले, "कॅनचं पण सांगा." घरी सोडताना त्यांचा चेहरा उजळलेला होता. माझी मात्र मान वर होत नव्हती. उरलेली चार पुढच्या रविवारी करायचं ठरलं.

पुढच्या रविवारी मी पुण्याला एका परिषदेला गेले. जायलाच हवं होतं असं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हटलं. काकांचा सकाळी फोन यायचा, "ताई, आज?" एवढंच. नाही म्हटलं की म्हणायचे, "बरं, पुढच्याला." चौथ्या रविवारी फोन आला नाही. बुधवारी काकूंचा आला. आदल्या दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

मग मी गेले. चारही ठिकाणी, एकटी. लोकांनी ऐकलं, चहा दिला, काका गेल्याचं वाईट वाटलं म्हणाले. शेवटचं घर एका बाईंचं. त्यांना आधी काका आठवेनात. मग म्हणाल्या, "हां, तो म्हातारा! त्याच्या हातानं तुमची टाकी मेली होती, तोच ना?"

"तोच," मी म्हणाले. "पण टाकी त्यांनी नाही मारली. मी मारली." आणि पिंपापासून कॅनपर्यंत सगळं सांगितलं, काहीही न गाळता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "गेलेल्या माणसाचा दोष स्वतःवर घेताय," त्या म्हणाल्या, "मन मोठं आहे हो तुमचं, डॉक्टर."