एकमताचे वैरी रूबेनकाका

रूबेनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी जपानमध्ये, कोबेच्या आमच्या घरात जळाऊ आणि बिनजळाऊ कचरा वेगळा करत होते. पहिला विचार मनात आला तो असा, की आता मला कोण छळणार? संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, तर जमलेली मराठी मंडळी एका सुरात म्हणत होती, देवमाणूस होते हो! देवमाणूस कसले? इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक वाक्य सरळ पुढे जाऊ दिलं नाही. त्यांच्या बायकोसमोर, फ्लोराकाकूंसमोर मी गप्प बसले, इथे बसणार नाही.

काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मोत्यांच्या व्यापारात तरुणपणी कोबेला आले आणि इथलेच झाले. "आम्ही शनिवार-तेली," ते सांगायचे, "पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायचं, पण शनिवारी घाणा बंद." तोंडाचा घाणा मात्र सातही दिवस चालू. ही वादाची विद्या त्यांच्या गावाकडची नव्हे. इथल्या प्रार्थनाघरात देशोदेशीच्या ज्यूंबरोबर जुने ग्रंथ वाचताना हे खूळ लागलं. त्या ग्रंथांत म्हणे हरलेल्याचं मतसुद्धा निकालाशेजारी जपून ठेवतात, पुढेमागे कोणाला लागलं तर! नव्याचे नऊ दिवस असतात, काकांचे संपलेच नाहीत. उपम्यात साखर घालावी की नाही, यावर ते आधी एका बाजूनं बोलत, मग दुसऱ्या… आणि उपमा गार.

पण माझा खरा राग आहे तो मुग्धाच्या, माझ्या मुलीच्या बाबतीत. ती तेव्हा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं. माझा जीव तुटायचा. शेवटी तिला पुण्याला आजीकडे ठेवून तिथल्या शाळेत घालायचं ठरवलं. नवरा हो म्हणाला, सासूबाई हो म्हणाल्या, इथल्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या बायका हो म्हणाल्या. तिकीट काढायच्या आधी काका-काकूंना जेवायला बोलावलं, आशीर्वाद घ्यायला.

"सगळे हो म्हणाले? एकही नाही म्हणालं नाही?" काकांनी घास खाली ठेवला. "मग पाठवू नकोस."

झालं, ग्रंथ उघडला! त्यांच्या जुन्या न्यायसभेत म्हणे सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं देहदंड सांगितला, तर आरोपीला सोडून देत. त्याच्या बाजूनं कोणी विचारच केला नाही, असा त्याचा अर्थ.

"अहो काका, माझी मुलगी आहे ती, आरोपी नाही!"

"मग तिच्या बाजूनं कोण बोललं?"

त्यावर आणखी एक गोष्ट. दोन गुरूंची घराणी सतत भांडायची आणि निकाल बहुधा एकाच घराण्याकडे जायचा, कारण ती मंडळी आधी समोरच्याचं म्हणणं सांगायची, मग आपलं. "आधी तू मुग्धाची बाजू मांड. ती हो म्हणाली, की मग तुझी." भरल्या ताटावर, माझ्याच घरात!

मी संतापून मुग्धाला हाक मारली. "तुला मैत्रिणींना सोडवत नाही."

"चिगाऊ," ती म्हणाली. म्हणजे, चूक.

"तुला मराठीचा कंटाळा येतो."

"चिगाऊ."

"आजी आवडत नाही?"

ती रडायलाच लागली. काका ढिम्म. मग तिनं जपानीतच सांगितलं, की पुण्यात ती मराठी बोलली की सगळे हसतात, आणि गंमत म्हणून तेच पुन्हा पुन्हा बोलायला लावतात. मी ते मराठीत म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे तिनं मान हलवली. तिकीट काढायचं राहिलं.

महिन्याभरानं काका चहाला आले आणि म्हणतात कसे, "पाठवायला हवं होतं, असंही म्हणता येईल. हसणाऱ्यांतच भाषा पक्की होते."

मी कपबशी आपटली. "आता सांगताय?"

"तेव्हा ती बाजू मांडायला तुम्ही सगळे होतात की!"

असा आडमुठा माणूस. मुग्धा आता तेरा वर्षांची आहे आणि मराठी मोडकीतोडकीच. परवा भांडी पुसताना मी म्हणालेच, काकांचं ऐकलं, म्हणून तुझं हे असं झालं. तिनं फडकं बाजूला ठेवलं.

"आई, थांब. आधी तुझी बाजू मी बोलते. मी पुण्यात पाहिजे होती, कारण तुला पुण्याला जायचं होतं. मी तिकडे, तर तू सारखी येणार… बरोबर?"

आणि ती थांबली. मी हो म्हणेपर्यंत पुढे बोलणार नव्हती. काका स्वतः सुटले, आणि माझ्याशी वाद घालायला घरात माणूस ठेवून गेले! मला हो म्हणावं लागलं. मग तिनं स्वतःची बाजू मांडायला घेतली. मराठीत, अडखळत, कितीतरी वेळ… आणि मी एकदाही हसले नाही.