अठ्ठावीस सांगून बावीस

आमचे हे खोटारडे आहेत, असं मी एका रविवारी चारचौघांत ओरडून सांगितलं. बोलले ते शंभर टक्के खरं होतं. त्या खऱ्यानंच सगळा घात केला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय.

ह्यांचा धंदा रॅकेटला गटिंग करून देण्याचा, म्हणजे जाळीची दोरी ताणून बसवण्याचा. बॅडमिंटनच्या हॉलला लागून, जिन्याखाली दुकान. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा असा प्रश्न पडतो. एक मशीन, भिंतीवर गटची रिळं आणि स्टुलावर हे. स्वभाव म्हणाल तर गरीब गाय.

पंचविशीत हे स्वतः खेळायचे, आणि चांगले खेळायचे. मोठ्या खेळाडूंसारखं हवं म्हणून गट इतकं कडक ओढून घ्यायचे की रॅकेट टणटण वाजायची. एका सकाळी कुलपात किल्ली फिरवायला गेले आणि कोपरातून जी कळ निघाली ती पार मनगटापर्यंत. वर्ष लागलं बरं व्हायला. तोवर खेळ सुटला तो सुटलाच. तेव्हापासून कुणी कोपर चोळताना दिसलं की ह्यांचा जीव खालीवर होतो.

आणि दुकानात येणारी मंडळी कशी? दिवसभर खुर्चीत बसणारी, पोट सुटलेली. हॉलमध्ये शिरली की तडक कोर्टवर. अंग मोकळं करायचं नाव नाही, शटलच्या पहिल्याच फुलाला स्मॅश! हे आपले प्रत्येकाला सांगणार, "आधी दहा मिनिटं खांदे-मनगटं हलवून घ्या. फूल अंगाच्या पुढे घ्या, खांद्यातून मारा, नुसत्या मनगटाचे झटके नकोत. मूठ आवळून धरू नका. दुखायला लागलं तर चार दिवस घरी बसा." पालथ्या घड्यावर पाणी. सगळं ऐकून घेतलं की प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "ते राहू द्या हो. अठ्ठावीस पौंड ताण देऊन ओढा. टीव्हीवरचे तेवढंच ठेवतात."

टीव्हीवरचे! त्यांचा दंड म्हणजे तुमची मांडी, हे कोण सांगणार?

शेवटी ह्यांनी एक युक्ती काढली. तोंडानं हो म्हणायचं, मशीनवर बावीस लावायचं आणि दांड्यावर चिकटवायच्या पट्टीवर २८ लिहायचं. गट जरा सैल असलं की फुलाचा दणका तिथेच मुरतो, कोपरापर्यंत कमी पोचतो. एवढं साधं गणित. गिऱ्हाईक तळहातावर रॅकेट आपटून म्हणायचं, "वा! काय कडक ओढलंय!" अकरा वर्षं हे चाललं, एकालाही पत्ता लागला नाही. मला सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोळले होते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तोही त्यातलाच. दादाचं सलून आहे. तीस वर्षं वस्तरा हातात, पण कुणाच्या मानेवर ओरखडा उठला नाही. माणसं चार गल्ल्या ओलांडून त्याच्याकडे दाढीला येतात. घर त्या उजव्या हातावर चालतं. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं आणि दादा खेळायला लागला. मागितलं अर्थातच अठ्ठावीस, आणि ह्यांनी दिलं अर्थातच बावीस. दोन वर्षं दादा खेळला, कोपर ठणठणीत.

मग दादानं गप्प बसावं की नाही? त्या रविवारी मी डबा द्यायला दुकानात गेले, तर दाराशी पाच-सहा जण जमलेले आणि मधोमध दादा. भिंतीवर ह्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावलाय, अंग मोकळं करा, दुखणं अंगावर काढू नका, असं सगळं. दादा तो नाटकी आवाजात वाचत होता.

"आमच्या जावईबापूंना जागेपणी कोपराची भुतं दिसतात! दोन वर्षं अठ्ठाविसावर खेळतोय मी. काय झालं मला? स्वतःला झेपलं नाही की माणूस दुसऱ्याला घाबरवत सुटतो."

सगळे फिदीफिदी हसले. हे मान खाली घालून गट ओढत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, बावीसची आहे तुझी रॅकेट!" मी ओरडले. "सगळ्यांच्याच बावीसच्या आहेत! हे खोटारडे आहेत म्हणून तुमची कोपरं शाबूत आहेत, कळलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर परवडलं असतं. एवढंच म्हणाले, "काय केलंस गं हे?"

"मला फसवलंत?" दादा म्हणाला आणि रॅकेट घेऊन तरातरा निघून गेला. त्याच दिवशी दुसऱ्या दुकानातून खरोखरीचं अठ्ठावीस ओढून घेतलं, आणि वर ईर्षेनं रोज दोन-दोन तास खेळायला लागला. हे तीनदा त्याच्या घरी गेले. "दादा, माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, पण तुमचा हात जपा." पहिल्यांदा दादानं निदान बसा म्हटलं. दुसऱ्यांदा दारातूनच बोलला. तिसऱ्यांदा दारच उघडलं नाही. मी फोन केला तर म्हणे, "तू मला शिकवू नकोस." म्हणजे मेल्या हट्टीपणाला औषध नाही! आणि हे? हे मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचा तर जास्तच संताप यायचा.

पाचव्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला. "ह्यांना चहाचा कप उचलवत नाहीये. डॉक्टरांनी सहा आठवडे वस्तरा धरू नका म्हणून सांगितलंय, व्यायाम लिहून दिलाय. ह्यांनी तो कागद फाडला आणि गेले सलूनला."

आम्ही दोघं तसेच निघालो. सलूनमध्ये खुर्चीवर एक म्हातारे काका होते, एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. दादानं वस्तरा मानेशी नेला आणि हात थरथरला. थांबला, पुन्हा नेला. पुन्हा थरथरला. मग त्यानं वस्तरा मिटून ठेवला.

"काका, समोरच्याकडे जा. मी पाठवलंय म्हणून सांगा."

समोरचा! ज्याला दाढी करता येते हे दादानं जन्मात कबूल केलं नव्हतं, तो! काका गळ्यातल्या टॉवेलासकट, गालावरच्या फेसासकट रस्ता ओलांडून गेले.

दादा रिकाम्या खुर्चीत बसला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "मला आधीच का नाही सांगितलंत?"

मी तोंड उघडलंच होतं. दोन वर्षं हा माणूस काय भिंतीशी बोलत होता? पण ह्यांनी मला नजरेनंच गप्प केलं. शाम्पूची अर्धी बाटली उचलली, दादाचा उजवा हात खुर्चीच्या हातावर पालथा टेकवला आणि मुठीत बाटली दिली.

"डाव्या हातानं मनगट वर उचला. उजव्यानं सावकाश खाली सोडा. घाई नाही."

बाटली लटपटत खाली आली. दादाच्या कपाळावर घाम.

"होईल ना नीट?"

"होईल बहुतेक. मला वर्ष लागलं होतं."

दादानं डोळे मिटले. मग बारीक आवाजात विचारलं, "किती वेळा करायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्या नवऱ्याचा सल्ला विचारला होता. मला रडूही येत होतं आणि त्याच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटत होता. पण बाटली त्याच्या हातातून निसटत होती, म्हणून मी ती खालून धरली.