सईची पेटी आणि दुसरा वाजवणारा

भूत, करणी, वास्तुदोष... यातलं मी काही मानत नाही. संशय घेणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे – एका कंपनीत कंप्लायन्स, म्हणजे सगळं नियमाने चाललंय ना, ते बघते. कोणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न, "पुरावा?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये तेविसाव्या मजल्यावर राहतो. मी, नवरा निखिल आणि सातवीतली सई. शाळेत तिला प्रोजेक्ट होतं – एक अमेरिकन राज्य आणि तिथलं लोकप्रिय संगीत. तिच्या वाट्याला लुइझियाना आलं. तिथे झायडेको नावाचा नाचाच्या गाण्यांचा प्रकार आहे. मुख्य वाद्य अ‍ॅकॉर्डियन आणि साथीला छातीवर अडकवलेला पन्हाळीदार पत्रा, तो चमच्यांनी खरवडायचा! सईने अ‍ॅकॉर्डियनऐवजी पेटी घेतली. पत्र्याऐवजी माझी खोबऱ्याची किसणी घेणार होती, पण एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, मग किसणी कोण वाजवणार? मदत घ्यायची नाही असा नियम. "खलास, ओन्ली पेटी," म्हणाली. मंगळवारी दुपारी चारला, घरी एकटी असताना तिने व्हिडिओ केला आणि परत न बघताच शाळेला पाठवला.

गुरुवारी ऑफिसमध्ये असताना टीचरचा मेल आला. वाजवलंय छान, पण दुसरं कोण वाजवतंय?

मी मेलसोबतचा व्हिडिओ लावला. पेटी... आणि मागे किसणीवर चमचा. खर्र-खट, खर्र-खट. स्वच्छ.

एकोणिसाव्या मजल्यावरची रिया! दुसरं कोण असणार? सईला फोनही न करता मी उत्तर ठोकलं – सॉरी मिस, तिने मैत्रिणीची मदत घेतली, पुन्हा होणार नाही. शाळेचा मेल आला की आधी माफी मागून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडच्या आईबापांची जुनी खोड.

संध्याकाळी सईला फैलावर घेतलं.

"मम्मा, आय स्वेअर, आय वॉज अलोन."

"मग हे काय माझ्या कानात वाजतंय?"

ती रडायला लागली. मी खाली जाऊन सिक्युरिटीवाल्याला कॅमेरा बघायला लावला. "मॅडम, उस टाइम आपके फ्लोर पे कोई नहीं आया." रियाच्या आईला विचारलं. मंगळवारी रिया स्विमिंगला गेली होती. मग मी सईच्या फोनमध्ये मागे साथ घालणारं एखादं अ‍ॅप सापडतंय का ते शोधलं. तेही नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला मी तिला पुन्हा वाजवायला बसवलं. फोन माझा, एसी बंद, किसणी माझ्या मांडीवर. खोलीत फक्त पेटी ऐकू येत होती. मध्ये सई चुकली, थांबली, "सॉरी" म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली.

व्हिडिओ लावला. खर्र-खट, खर्र-खट... सई चुकली तिथे तेही थांबलं. तिने पुन्हा धरलं, तेव्हा दोन मात्रा वाट बघून तेही सामील झालं, चुकलेल्या पोरीला सांभाळून घ्यावं तसं. मी निखिलला ऐकवलं. तो म्हणाला, "एसीच्या डक्टमधून शेजारचा आवाज येत असेल." येत असेल... मग तो मला खोलीत का नाही ऐकू आला?

मी लगेच टीचरला लिहिलं, माझी चूक झाली, सई एकटीच होती. नम्र उत्तर आलं: पण मदत घेतल्याचं तुम्हीच लेखी कळवलंत. प्रोजेक्ट बाद झालं आणि सईच्या रेकॉर्डवर अप्रामाणिकपणाचा शेरा लागला.

सईला सांगितलं – बाळा, मला आता खात्री आहे, तू खोटं बोलली नव्हतीस.

ती पेटीचा भाता बंद करत होती. वर न बघता म्हणाली, "नाऊ यू बिलीव्ह मी? बिकॉज युअर फोन सेड सो?"

दोन्ही व्हिडिओ माझ्याकडे आहेत. साउंडमधल्या जाणकारांना ऐकवले, कोणालाच काही सांगता आलं नाही. तिथे कोण वाजवत होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. सईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आहे, आणि ते तिला द्यायचं धाडस मला अजून झालेलं नाही.