उभ्या गाड्यांचं तेल

"हितनं तितं यायला गाडी? तुमचं पाय झिजतेत व्हय?" शाळेच्या फाटकात रोज कुणाला तरी अडवून गणिताचे सर विचारायचे. मग खिशातून वही काढून घर किती लांब, लिटरमागं गाडी किती पळते, हे लिहून घ्यायचे.

शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेत मीही शिक्षक; शिक्षकांच्या खोलीत सर आणि मी बरीच वर्षं शेजारी बसलो. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला बघून रस्ता बदलतात. पुढच्या पन्नास वर्षांत देशाला किती तेल लागेल, हे सरांना काढायचं होतं. गल्लीवरून पेठ, पेठेवरून शहर, शहरावरून देश.

"अंदाज चुकंल की, सर," मी म्हणायचो.

"चुकू दे. नातवंडांना काय उरतंय, ते तरी कळंल."

आकडा वाढत गेला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. आई कन्नड बोलणारी, त्यामुळे चिडले की तिचाच शब्द यायचा, "साकु! साकु!" म्हणजे पुरे.

एकदा शाळेत इंधन बचतीचा कार्यक्रम ठरला. सरांना अंदाज मांडायला पाच मिनिटं मिळाली होती. पाहुणे सहा गाड्या घेऊन आले आणि तासभर बोलले. मुलं उन्हात. मागं सहाही गाड्या एसी लावून घुरघुरत उभ्या. सर उठले आणि एकेका ड्रायव्हरला हात जोडू लागले.

"साहेबांना गाडी गार लागते. सरका, म्हातारबा," म्हणत एकानं काच वर केली.

सर माइकसमोर आले. वही उघडलीच नाही.

"माजा अंदाज चुकला. मी नुसत्या पळणाऱ्या गाड्या मोजल्या. उभ्या मोजायच्या ऱ्हायल्या."

पाहुणे खो खो हसले, म्हणून सगळे हसले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून किळस येते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांकडून माफीपत्र मागितलं. सरांनी राजीनामा दिला. आमच्यापैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्या घरापासून रुद्रभूमी, म्हणजे लिंगायतांची दफनभूमी, चालत दहा मिनिटं. घरचे चालत गेले. शाळेतले आम्ही बारा जण मातीला गेलो, बारा गाड्यांवर. गाडीला सावली शोधत मी बाहेर दोन फेऱ्या मारल्या. आत पोचलो, तर खड्डा बुजला होता आणि घरचे नळावर हात धूत होते.