दुसऱ्या बैलाची घंटा

आमच्याकडं बैलजोडीला घंटा घ्यायच्या तर जुळवून घ्यायच्या, ही रीत. दोन्ही एका आवाजाच्या चालत न्हाईत. एक खालची, एक वरची. न बघता कळावं, कुठला बैल कुठं चरतोय. पण खालच्या-वरच्यात अंतर किती ठेवायचं, ते मला बायकोनं शिकवलं.

लग्न नवं होतं. दोघं अणदूरला खंडोबाच्या जत्रेत गेलो. खालची घंटा मी निवडली, जाड पितळेची. जोडीला एक उचलून वाजवली.

"ही नगं," बायको म्हणली. "दोघी जावा भांडल्यावानी वाजतंय."

दुसरी वाजवली.

"ह्यात काय हाय? बाप बोलला तेच पोरगं बारीक आवाजात बोललं."

मी वैतागलो. "मग तूच बघ की!"

तिनं माझी घंटा वाजवली, पदर तोंडाशी धरला आन् हळूच म्हणली, "अवोऽ."

ही तिची मला जेवायला बोलवायची हाक. 'अ' खाली, 'वो' वर. 'अ' खालच्या घंटेला लावायचा आणि 'वो' जिथं जाऊन थांबंल तिथली घंटा उचलायची. दुकानदार हसायला लागला.

"हसू नगा," ती म्हणली. "ह्यास्नी हाकेबिगर कायबी कळत न्हाय."

पुढं भजनातल्या पेटीवाल्यानं त्या घंटा ऐकून सांगितलं, "मामा, हे सा आन् प. मधले तीन सूर ओलांडले की झालं." असतील. मला ती जेवायची हाकच वाटायची.

बैल गेले, ट्रॅक्टर आला. घंटा ओसरीत खिळ्याला राहिल्या. मग तीबी गेली. मी येताजाता दोन्ही घंटांवर टिचकी मारायचो. खालची, मग वरची. तिनं हाक मारल्यागत व्हायचं.

औंदा पत्रे बदलताना वरची घंटा दगडावर पडली. तडकली. आता डबडं वाजतंय. तवा ध्यानात आलं, तिची हाक मला आठवंनाच. फोटो हाय घरात. आवाज कुठंच न्हाय. एका घंटेवर नुसता 'अ' यायचा, म्होरं कायच न्हाय.

पिशवीत खालची घंटा टाकली आणि एसटीनं जत्रेला निघालो. पोरगा म्हणला, "बाबा, बैल न्हाईत आन् घंटा कशाला?"

"तू तुझं बघ," म्हणलं.

दुकानदारानं एकामागं एक घंटा हातात दिल्या. एक भांडायची. एक जवळपास यायची, पण पायरी संपली म्हणून पाय टाकावा आन् अजून एक निघावी, तसं व्हायचं. शेवटी तो कंटाळला.

"बाबा, घ्या कुठलीबी. बैलाला काय कळतंय?"

"बैलाचं सोड. मलाच कळंना झालंय."

मग इलाज न्हवता. माझी घंटा वाजवली आणि भर जत्रेत म्हणलं, "अवोऽ." बाप्या माणसानं कधी मारू नये अशी हाक. त्यात घशात कफ. चुकलं. परत मारली. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या दोघी वळून बघाय लागल्या. एक म्हणली, "म्हाताऱ्याची म्हातारी हरवली का काय?"

"व्हय, हरवलीया," म्हणलं. "जरा गप बसा, मला ऐकू द्या."

त्या गप झाल्या. मी परत घंटा वाजवली, परत हाक मारली. आन् 'वो' जिथं जायचा तिथं गेला. कानाच्या आधी गळ्याला कळलं. मी तो सूर तसाच धरून ठेवला, दुकानदार भराभर घंटा ठोकत गेला. एक पोचा आलेली घंटा बरोबर जुळली. "ही डागी हाय बाबा," तो म्हणला. म्हणलं, "बांध."

आता दोन्ही खिळ्याला हैत. सैपाक झाला की सून मला जेवायला हाक मारत न्हाय, घंटा वाजवते. खालची, मग वरची.

मी लगेच उठत न्हाय. ती परत वाजवते, मग उठतो.