माईक चालू आहे

दिनकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते आणि प्रोजेक्टर काही केल्या सुरू होत नव्हता. मुलं हसू दाबून बसलेली, पडद्यावर नुसता निळा चौकोन, माझ्या एका हातात वायर आणि दुसऱ्या हातात फोन... "तू ये ग. काका गेले," काकू म्हणाली. मी वायर टेबलावर ठेवली आणि निघाले. बनारसमधल्या आमच्या दूधविनायकच्या गल्लीत शिरेपर्यंत माझ्या मनात देवाचं नाव नव्हतं, काकांचंच एक वाक्य फिरत होतं. ते वाक्य आमच्या घरात कुठून आलं ते आज लिहायला बसले आहे, कारण परवा ते पुन्हा मला ऐकून घ्यावं लागलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बनारसच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, अर्थातच हिंदीतून. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण इथल्या मराठीचा आणखी एक उपयोग आम्ही सगळेच करत आलो आहोत, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. भाजीवाल्यासमोर, रिक्षावाल्यासमोर, दारात आलेल्या पाहुण्यासमोर जे त्याला कळू नये असं वाटतं, ते आम्ही चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता मराठीत बोलून मोकळे होतो. बालाजी घाटापासून आमच्या गल्लीपर्यंत सगळ्या मराठी घरांची ही खोड आहे, आणि मीही त्यात कुणाला हार जाणारी नव्हे.

टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली तेव्हा काकांची निवृत्ती जवळ आली होती. मी दुसऱ्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ऑनलाइन तास घ्यायला मी थोडं आधी शिकले होते, म्हणून काकांना शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. विद्यार्थी म्हणून काका महाकठीण. माईक कुठे बंद होतो ते दाखवायला गेलं की "हो हो, येतं मला." कॅमेऱ्याकडे बघून बोला म्हटलं की "ठाऊक आहे ग." जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, तो खुर्चीत बसेचना. वरच्या खोलीत येरझारा घालत शिकवायचे, आणि मुद्दा रंगात आला की लॅपटॉपकडे पाठ करून भिंतीशी बोलायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आवाज पोचत नसेल." "माझा आवाज? शेवटच्या बाकापर्यंत जातो," ते म्हणाले. विषय संपला.

त्या वर्गात अंजली चौधरी नावाची एक मुलगी होती. बाकी सगळे चौकोन काळे आणि गप्प. ही मात्र दर थोड्या वेळाने म्हणायची, "सर, एक बार फिर से." काका पुन्हा सांगायचे. परत तेच, "सर, फिर से." त्या दिवशी मीही खोलीत होते. काकू चहा घेऊन आली, काका कप घ्यायला टेबलाशी वाकले, आणि तिने सहज विचारलं, "आज इतके परेशान का?" काका हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाले, "ही चौधरी ग. डोक्यात नुसता भुसा. लग्न ठरेपर्यंत कुठेतरी बसवायची म्हणून बसवलीय झालं." मी हसले, चांगली खळखळून हसले. मग लॅपटॉपमधून एक शांत आवाज आला.

"सर, मला मराठी येते. तुमचा माईक चालू आहे."

काकांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. चौधरी म्हणजे इकडचीच, असं ते धरून चालले होते. ती निघाली भुसावळची, वडील रेल्वेत, बदली होऊन बनारसला आलेले. पण खरी शरम पुढेच होती. संध्याकाळी काकांनी त्या तासाचं रेकॉर्डिंग मला लावायला सांगितलं. त्यांचं दर वाक्य अर्ध्यात बुडत होतं. पाठ फिरवली की नुसती खरखर, आणि अंजलीने "फिर से" म्हटलं होतं ते नेमकं तिथेच. फक्त चहाच्या वेळचं ते वाक्य स्वच्छ आलं होतं. माझं हसणंही.

"मग बाकीची मुलं काय ऐकत होती?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"एकटीच ऐकत होती," ते म्हणाले, "आणि तिलाच मी..."

पुढच्या तासाला त्यांनी माफी मागितली, आणि तीही तर्कशास्त्राच्या माणसासारखी, काहीही न वगळता. आदल्या दिवशी आपण काय बोललो ते शब्दाला शब्द हिंदीत करून साऱ्या वर्गाला सांगितलं. तोवर ते एकट्या अंजलीला कळलं होतं. आता सगळ्यांना कळलं. काका बोलत असतानाच तिचा चौकोन दिसेनासा झाला. मग तिने विषयच बदलून घेतला. काकूने त्यांना खडसावलं, "तुम्हाला हलकं व्हायचं होतं. झालात. त्या पोरीने आता तोंड कुठे दाखवायचं?" काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. त्यांनी तिच्या घरी फोन केला तर वडील "जाऊ द्या सर" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर काका खुर्चीत बसले. "मला हे येत नाही, दाखव," असं मला म्हणू लागले, आणि ते ऐकताना मलाच कसंतरी व्हायचं. तासाआधी काकूने फोनवर तास जोडून खाली स्वयंपाकघरात जायचं आणि आवाज नीट येतो की नाही ते तिथून ओरडून सांगायचं, हा नेम झाला. आणि घरात कुणी मराठीत आवाज उतरवून कुणाबद्दल बोलू लागलं की काका बोट वर करायचे, "माईक चालू आहे." मुन्शी घाटावर फिरताना मी एका नावाड्याबद्दल काहीतरी बोलले, तर तिथेही तेच. आम्हाला गंमत वाटायची. त्यांना नाही. शेवटच्या आजारातसुद्धा अधूनमधून विचारत, "त्या चौधरीचं काही कळलं का ग?" मी नाही म्हणायची.

परवा दुपारी दार वाजलं. भेटायला येणाऱ्यांची ये-जा अजून थांबलेली नाही, आणि काकू थकून जरा आडवी झाली होती. दारात सलवार-कुर्त्यातली एक तरुणी. "आंटीजी हैं? मैं सर की स्टूडेंट थी." मी हसून "आइए, आइए" म्हटलं आणि आत तोंड करून म्हणाले, "काकू, ऊठ. आली आणखी एक. गेला आता तासभर."

"मी फार वेळ नाही घेणार," ती म्हणाली.

आतून काकूचा थकलेला आवाज आला, "माईक चालू आहे ग."

नाव विचारायची गरजच उरली नाही. मला तिच्याकडे बघवेना. काकू उठून आली, तिचा हात धरून तिला वरच्या खोलीत घेऊन गेली. मी मागोमाग गेले. टेबलावर लॅपटॉप आहे, काकूने काकांचं उपरणं त्यावर घालून ठेवलंय. "त्यांनी तुझी फार आठवण काढली हो," काकू म्हणाली. अंजली खुर्चीकडे बघत होती. "मला सरांचा आवाज कधी नीट ऐकूच आला नाही," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी उपरणं बाजूला केलं आणि नंतरच्या काळातला एक तास लावला. काका खुर्चीत ताठ बसलेले, थेट कॅमेऱ्याकडे बघत. "आवाज़ आ रही है न? सब तक?" त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. अंजलीने पडद्याकडे बघत हळूच मान हलवली. तास पुढे सुरू झाला.

तिची माफी मागावी असं मनात आलं. पण काकांची माफी आठवली, आणि हलकं कुणाला व्हायचंय ते मला ठाऊक होतं. मी खाली चहा ठेवायला गेले. वरून काकांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत अगदी स्वच्छ येत होता.